वेचणीचा काटा आणि मजुराचा हिशेब

पांदण (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. गाव हिंगणघाटकडचं. घरची शेती चुलतभाऊ पाहतो, मी तालुक्याला नोकरीला. दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते तेव्हा गावी चक्कर होतेच.

परवा शेजारच्या शेतात संध्याकाळचं मोजमाप चालू होतं. दोन गडी खांद्यावर आडवं दांडकं घेऊन उभे, मधे ताणकाटा, त्याच्या आकड्याला गाठोडं. मालक काटा वाचतो, मुलगा वहीत लिहितो. एका मावशीचं गाठोडं भरलं सव्वीस किलो आठशे ग्राम. मालकाने आवाज दिला, "सव्वीस." मावशी म्हणाली, "भाऊ, वर आठशे हाय ना." उत्तर आलं, "फडक्याचं वजन नाही का? अन् सकाळचं दव?" पुढच्या बाईचं भरलं पंचवीस किलो शंभर. तिचे लिहिले पंचवीस.

आता फडकं दोघींचंही जवळपास सारखंच. दव दोघींच्याही ओळीवर सारखंच पडलेलं. मग एकीच्या फडक्याचे आठशे ग्राम आणि दुसरीच्या फडक्याचे शंभर, हे कसं? मी तिथेच विचारलं. मालक हसले आणि पुढचं गाठोडं लावलं. मावशीने पुन्हा तोंड उघडलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. "पुरत नसेल तर उद्या येऊ नको," एवढंच म्हणाले, सगळ्या बायांसमोर.

किलोला दहा रुपये धरले तर आठ रुपयांची गोष्ट. पण वीस बायांचे सरासरी अर्धा किलो धरा, रोजचे शंभर रुपये झाले, आणि वेचणी चालते महिनोन्‌महिने. त्याहून मला लागलं ते दुसरंच. सकाळपासून वाकून बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून घेतलेली बाई स्वतःचीच मजुरी मागत होती, आणि तिला भीक मागणाऱ्यासारखं गप्प केलं गेलं.

त्याच शेतात बाईचा रोज अडीचशे, गड्याचा चारशे. तोही प्रश्न आहेच.

विचारायचं हे की केलेल्या कामाचा पुरता हिशेब मिळणं हा मजुराचा हक्क आहे, की मालकाच्या मर्जीचा भाग? तुमच्याकडे काय चालतं?

वऱ्हाडी_गडी
आमच्या दारव्ह्याकडं बी हेच हाय ताई. वरचे ग्राम मालकाचे. कोनी बोलत नाई, काऊन का बोललं का दुसऱ्या दिवशी बोलावनं येत नाई. गावात चार मोठे शेतकरी, चारही एकमेकाचे सोयरे. जाता कुठं?

कोरडवाहू
घाटंजी तालुक्यात माझी सात एकर आहे, सगळी कोरडवाहू. मालकाची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे म्हणून लिहितो.

बियाण्याचं पाकीट ८६४ चं ९०१ झालं. खत, फवारणी, डवरणी (बैलांची कोळपणी), निंदण (खुरपणी) दोनदा. वेचणी दहा-बारा रुपये किलो म्हणजे क्विंटलला हजार-बाराशे तिथेच गेले. शेवटच्या वेचणीला झाडावर कापूस नसतो, तेव्हा बाया किलोवर येतच नाहीत, रोज मागतात, तोही द्यावा लागतो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ ला ७५२१ होता, पण घरी पैशाची निकड असते म्हणून मी त्याच्या खालीच विकला. चुकारा हाती आला की सोसायटी, कृषी केंद्र आणि सोयरे तिघं दारात.

मजुराला कमी द्यावं असं मी म्हणत नाही. पण मालक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वाडा येतो. आमच्या गावातल्या निम्म्या मालकांच्या बायका दुसऱ्याच्या शेतात निंदायला जातात. हक्काची भाषा करायची तर आमच्याही हक्काची करा.

पांदण
@कोरडवाहू, दादा, तुमचा प्रत्येक आकडा मान्य. चुलतभावाची वही मीच लिहिते, मला ठाऊक आहे. पण भाव पडला तो बाजारात, आणि वसुली होते मावशीच्या आठशे ग्रामात. ती वसुली उघड दर ठरवून का नाही करत? "यंदा परवडत नाही, नऊ रुपये देतो," असं म्हणा. बाया हो म्हणतील किंवा नाही म्हणतील. काट्यावर गप्प बसवणं वेगळं.

सदाफुली
धागा वाचून आई आठवली. मी आज नागपूरला दवाखान्यात परिचारिका आहे, ती आईच्या वेचणीवर. आईला अक्षरओळख नव्हती, पण काट्यावरची रेघ ती लांबून वाचायची. एकदा तिने शेतातच सांगितलं की माझं आधी रिकामं फडकं तोला, मग भरलेलं. मालकीणबाई म्हणाल्या, "आठशे ग्रामनं काय महाल बांधते का तू?" सगळे हसले. आई घरी येऊन जेवली नाही.

महाल बांधायचा नव्हताच. वजनाएवढे पैसे हवे होते.

खारीक_खोबरं
आमच्या गावच्या किराणावाल्याकडं साखरेचा काटा वीस ग्राम जास्त झाला तर चिमटीने काढून घेतो. त्याला एकदा वेचणीच्या शेतात आणून उभा करा, हिशेब सुधारेल सगळा.

सहकारनगर
पुण्यातून वाचतोय. विषयाबद्दल सहानुभूती आहे, पण एक स्पष्ट बोलू का? गावाकडे आता रेशन फुकट, बहिणींना महिन्याला पंधराशे, वर रोजगार हमी. शेतकरी म्हणतात मजूर मिळत नाही. आम्ही इथे कर भरायचा आणि तिकडे हक्कांची यादी वाढत जायची. काम करणाऱ्याला मोबदला मिळावाच, पण हे बाकीचं हक्क कसं?

वकीलकाका
@सहकारनगर, कर भरता तर त्यातला एक कर कशासाठी सुरू झाला ते सांगतो. तुमच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, वर्षाला अडीच हजारांपर्यंत. तो महाराष्ट्राने १९७५ साली आणला तो रोजगार हमीसाठीच. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर लोक खडी फोडत होते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी आग्रह धरला की हे काम दुष्काळापुरतं, सरकारच्या दयेवर नको, मागेल त्याला मिळालं पाहिजे. त्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. शहराने गावाला दान दिलं, असं त्यात कुठेच नाही. गावात पिकलेलं स्वस्तात शहरात येतं, त्यातलं थोडं परत जावं एवढा साधा विचार होता. देशाचा कायदा २००५ साली आला तो ह्याच वाटेने. त्यातही लिहिलं होतं की मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता.

आता मूळ प्रश्नाकडे. सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचं प्रकरण गेलं. १९८२ साली न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही संविधानाच्या कलम २३ खाली वेठबिगारीच आहे. मजूर स्वतःच्या पायाने कामावर आला असला तरी. कारण भूकही माणसाला वेठीला धरते, निव्वळ चाबूकच नाही. "काऊन आली मग कामाला?" असं जे मालक विचारतात, त्यांना हे उत्तर आहे.

वऱ्हाडी_गडी
वकीलकाका, निकाल भारी हाय. पन दारव्ह्यातून दिल्लीले जाईपर्यंत वेचनी संपते.

वकीलकाका
खरं आहे गड्या. म्हणून तर गावातच काहीतरी करावं लागतं. निकाल पाठीशी असला की मान ताठ राहते, एवढा त्याचा उपयोग.

मोहफूल
गडचिरोलीहून, धानोरा तालुक्यातून. आमच्याकडे कापूस नाही, पण काटा आहेच. आमचा काटा म्हणजे तेंदूपानाची फडी, पानं मोजून घेतात ती जागा. मे महिन्याचं ऊन, पहाटे जंगलात जायचं, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फडीवर न्यायचे. ठेकेदाराचा मुन्शी मोजणार. शंभरावर जास्तीचे पुडे घेणार, तुटीफुटीचे म्हणून. ना त्याचा हिशेब, ना पावती. माझे मामा बोलले तर त्यांचा सगळा माल "पान बारीक आहे" म्हणून बाजूला टाकला. दुसऱ्या दिवसापासून मामा गप्प.

हे बदललं कशाने, तर मोजणारा बदलला. २००६ चा वनहक्क कायदा आला. आमच्या तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा परवाना वनखातं देईना. म्हणायचे, हक्क दिला पण वाहतूक पास आमच्याकडे. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ग्रामसभेचे पुढारी देवाजी तोफा यांचं गाव हे. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच.

नंतर बऱ्याच ग्रामसभा पानांचा लिलाव स्वतः करायला लागल्या. आता फडीवर आमच्याच गावचा पोरगा मोजतो, सगळ्यांसमोर. सगळं गोड झालं असं नाही जी, काही ठेकेदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवले, आम्ही हेलपाटे घातले. पण जास्तीचे पुडे गेले. आणि मामा आता फडीवर मोठ्या आवाजात बोलतात, हे मी डोळ्याने पाहतो.

@पांदण, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच, की काटा कोणाच्या हातात आहे ते पाहा.

सदाफुली
@मोहफूल, प्रतिसाद फार आवडला. मामांचं विशेष.

कोरडवाहू
मोहफूलच्या प्रतिसादावरून सांगतो. काट्याचा मार आम्हालाही माहीत आहे. खेडा खरेदीवाला गाडी घेऊन गावात येतो, त्याच्या काट्यावर घरी तोललेला क्विंटल कधीच क्विंटल भरत नाही. सरकारी खरेदीत न्यावं तर ओल मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे बारापर्यंत भाव उतरतो, बाराच्या वर माल परत. यंत्र त्यांचं, वाचणारा त्यांचा. गाडीभाडं माझं. एकदा जिनिंगवर (सरकी काढायच्या कारखान्यावर) मी म्हटलं, पुन्हा मोजा. तिथला माणूस म्हणाला, "घेऊन जा वापस." मागे चाळीस गाड्यांची रांग. काय करता?

म्हणून मला ह्या धाग्याचा राग आला होता. शेतमालकाला सगळे शिकवतात, जिनिंगवाल्याला कोणी नाही.

पांदण
दादा, "घेऊन जा वापस" आणि "उद्या येऊ नको" ही दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून पाहा ना. जिनिंगवर तुम्ही जे सोसलं तेच मावशी तुमच्या-माझ्या शेतात सोसते. तुम्हाला पुन्हा मोजून मिळायला हवं होतं, हे मी कुठेही येऊन सांगेन.

रानबोर
पहिल्यांदा लिहिते आहे. मुलीने टाइप करून दिलं आहे.

माझा जिल्हा यवतमाळ. माझ्या मालकांनी, म्हणजे नवऱ्याने, जीव दिला त्याला बरीच वर्षं झाली. शेती मक्त्याने (भाड्याने) केलेली, तोंडी. सात-बारावर आमचं नाव नाही. कर्ज गावातल्या माणसाचं, त्याच्याकडे सावकारीचा परवाना नाही. सरकार अशा घराला एक लाख देते, तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेव. मी कागद घेऊन गेले. चौकशी झाली. जमीन नावावर नाही, बँकेचं कर्ज नाही, म्हणून शेरा आला "अपात्र".

पैसे मिळाले नाहीत ते सोसलं. पण तो शब्द मला नीट सांगायलाही कोणी आलं नाही. टेबलावरचा माणूस माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुमचं अपात्र आहे, दुसरं कोण?" माझ्या मागे तशीच एक बाई उभी होती, पदराखाली लहान मूल. माझे मालक पराटीत (कापसाच्या शेतात) राबले हे गावाला माहीत आहे. मक्त्याचे पैसे ज्याला दिले त्यालाही माहीत आहे. कागदाला माहीत नाही.

आता मी वेचायला जाते, आणि दीड एकर बटईने (वाट्याने) करते. म्हणजे माझ्या शेतात मी मालकीण, दुसऱ्याच्या शेतात मजूर. माझ्या वेचणीला चौघी येतात. मी काटा त्यांच्याच हाती देते. वरचे ग्राम लिहिते. मला परवडतं का? नाही परवडत. पण मला कोणी "दुसरं कोण" म्हटलेलं आहे, मी कोणाला म्हणणार नाही.

पुण्याच्या दादांना सांगते, रेशनचे तांदूळ येतात आणि पंधराशेही येतात. उपकार वाटतात, कारण देणारा तसाच देतो. अंगठा उमटला नाही तर चार वेळा बोटं पुसायला लावतो, आणि वर म्हणतो कामं करून करून रेषाच राहिल्या नाहीत. काम करूनच गेल्या ना त्या?

सहकारनगर
रानबोर ताई, नमस्कार. मी "हक्क कसं" असं विचारलं होतं, त्याला इतकं नेमकं उत्तर मिळालं नव्हतं कुठे. पुढे वाचतो आहे.

खारीक_खोबरं
ताई, लिहीत राहा. मुलीचं टायपिंगही झकास.

वकीलकाका
रानबोर ताईंसारखी प्रकरणं मी पाहिली आहेत. मक्त्याने कसणारा माणूस कागदावर शेतकरीच ठरत नाही. कर्ज त्याला मिळत नाही, नुकसानभरपाईही मालकाच्या खात्यात जाते. बायांचं तर विचारूच नका. शेतातलं निम्म्याहून जास्त काम त्यांच्या अंगावर आणि सात-बारावर नाव शोधून सापडत नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत हाच इशारा दिला होता. २६ जानेवारीपासून राजकारणात आपण समान असू, सामाजिक आणि आर्थिक जीवनात असमान राहू. ती विसंगती फार काळ तशीच ठेवली तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल. मतदानाच्या रांगेत मावशी आणि मालक एकमेकांच्या मागे उभे राहतात, दोघांचं मत एकच मोजतात. तिथे कोणी म्हणत नाही की तुझं पाऊण मत धरतो.

वऱ्हाडी_गडी
आता बाईचा रोज अन् गड्याचा रोज यावर बोलू द्या. म्या दोन्ही कामं पाह्यली. गडी पाठीवर सोळा लिटरचा पंप घेऊन फवारते. बाईनं तो पंप घेतला नाई. २०१७ ले आमच्या जिल्ह्यात फवारनीच्या विषबाधेनं वीसच्या वर मानसं गेली, त्यात शेतकरी होते अन् मजूरही. माह्या ओळखीचा एक वाचला, पन डोळ्याले कमी दिसते. फवारनीचा रोज जास्त पाह्यजेच. जीव जाते त्यात.

सदाफुली
@वऱ्हाडी_गडी, फवारणीचा रोज जास्त हवा, शंभर टक्के. हातमोजे, तोंडाला मास्क, तेही मालकाने द्यावं. पण त्या पंपात पाणी कोण ओततं दादा? नाल्यावरून गुंडीने पाणी आणून औषधात कालवणारी बाईच असते. तिच्या हाताला तेच विष लागतं आणि ती दोनशे-अडीचशेवर. त्याच हाताने संध्याकाळी भाकरी थापते.

आणि निंदण हलकं काम आहे असं म्हणणाऱ्याने एक दिवस उकिडवं बसून ओळ पुरी करून दाखवावी. कंबर आणि गुडघे गेलेल्या बाया आमच्या वॉर्डात येतात, चाळिशीच्या आत.

वऱ्हाडी_गडी
पान्याचं खरं हाय ताई. माही बायकोच आनते.

वकीलकाका
समान कामाला समान वेतन हे संविधानाच्या कलम ३९ मध्ये आहे, आणि त्यावर कायदा १९७६ सालीच झाला. पळवाट अशी की कामांना नावं वेगळी द्यायची. डवरणी गड्याची, निंदण बाईचं, मग दर वेगळा ठेवायला मोकळे. जिथे दोघंही एकाच ओळीत एकच काम करतात, तिथे मात्र पळवाट उरत नाही.

पांदण
सगळ्यांचं वाचून काल गावी गेले. मावशींच्या घरी पाच-सहा जणी जमल्या. रानबोर ताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. एक आजी म्हणाली, "तिले सांग, आमच्या गावाले ये."

बचत गटाच्या पैशातून टांगायचा इलेक्ट्रॉनिक काटा घ्यायचा असं ठरलं. फडकं आधी तोलायचं, ते वजा करायचं, उरलेलं ग्रामापर्यंत लिहायचं, आणि वही दोन, एक मालकाची, एक बायांची. चुलतभाऊ आधी कुरकुरला. त्याची अडचण रास्त होती, की सकाळी दवात वेचलेला कापूस जड भरतो, त्याचं काय? मग ठरलं की ऊन पडल्याशिवाय ओळीत शिरायचं नाही, संध्याकाळी तेवढं उशिरापर्यंत थांबायचं. त्याने मान्य केलं. पहिल्या शेताचे मालक अजून नाहीच म्हणतात. बायांनी त्यांना निरोप दिला आहे की आम्ही वेचायला येऊ, आमच्या काट्यासकट येऊ.

मोहफूल
हे झालं काम! जिंदाबाद.

वकीलकाका
काटा घेताना एक बघा. वैध मापन शास्त्र विभागाचा पडताळणी शिक्का असलेलाच घ्या, आणि मुदत संपली की पुन्हा शिक्का मारून घ्या. नाहीतर मालक म्हणेल तुमचाच काटा खोटा.

कोरडवाहू
शिक्क्याचा काटा असेल तर माझ्या शेतातही आणा, माझी ना नाही. मात्र ओला कापूस आला तर मी कटती करीन. ती कटती किती, हे आधी सांगून करीन, बायांच्या वहीत लिहून देईन.

आणि मला पण तोच काटा एक दिवस उसना द्या. खेडा खरेदीवाला येईल तेव्हा त्याच्यासमोर लावायचा आहे.

पांदण
@कोरडवाहू, नक्की. तुमच्या घाटंजीकडचा बायांचा गट शोधून देते, रानबोर ताई त्याच जिल्ह्यातल्या आहेत.

सदाफुली
काट्याचं ठरलं, आनंद आहे. पण अडीचशे आणि चारशेचं कोणी पक्कं बोललं नाही. कोरडवाहू दादा, तुम्हालाच विचारते.

कोरडवाहू
ताई, खोटं बोलत नाही. निंदणाचा आणि डवरणीचा रोज एक करणं यंदा मला जमणार नाही. तुरीची सोंगणी मात्र दोघंही विळा घेऊन एकाच ओळीत करतात. तिथे सारखा देईन. गावातले बाकीचे माझ्यावर चिडतील, ते मी पाहतो.

सदाफुली
तिथून सुरू करा. सोंगणी कधी आहे?

कोरडवाहू
संक्रांतीच्या आगेमागे.